आधी बायका सुटतील

निर्मलाताई थोरात सदा हसतमुख होत्या, असं त्यांच्या अंत्यविधीच्या वेळी एका गृहस्थांनी माईकवर सांगितलं. डब्लिनच्या स्मशानगृहातल्या त्या गरम, गालिचा अंथरलेल्या खोलीत आम्ही पोर्टलीशहून आलेली माणसं ओले कोट मांडीवर घेऊन बसलो होतो. बोलणारे गृहस्थ म्हणजे शेमस, ताई ज्या सायकल क्लबात होत्या त्याचे अध्यक्ष. ते म्हणाले, फार गोड बाई, तिच्यासोबत मोठी क्रॅक, म्हणजे इथल्या बोलीत धमाल, असायची, कधी कुणाशी तिचं वाजलं नाही. पुढच्या रांगेतून ताईंची मुलगी जुई मान वळवून माझ्याकडे बघायला लागली. ती इथेच वाढलेली. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत देते. तिनं नुसते ओठ हलवून विचारलं, "हू इज ही टॉकिंग अबाउट?"

खरंच, कुणाबद्दल बोलत होते ते?

निर्मलाताई रागीट होत्या. त्यांचा राग हा त्यांचा सगळ्यांत चांगला गुण होता, आणि तो त्यांनी सांभाळून, धार लावून ठेवलेला होता. शेमस यांच्याशी तर त्यांचं वर्षानुवर्षं वाजत होतं. माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल वाईट बोलू नये हे मला मान्य आहे. पण गेलेल्या माणसाचा राग परस्पर पुसून टाकायचा आणि त्या जागी एक गोड बाई आणून बसवायची, याला मी चांगलं बोलणं म्हणत नाही. तिथे बोलायची जागा नव्हती. म्हणून इथे लिहिते आहे.

ताई मूळच्या मिरजेच्या. तिथल्या शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. नवरा, डॉक्टर थोरात, भूलतज्ज्ञ. त्यांना पोर्टलीशच्या हॉस्पिटलात नोकरी लागली आणि ताई त्यांच्यामागून 'डिपेंडंट' म्हणून आल्या. हा शब्द त्यांनी व्हिसाच्या कागदावर वाचला तो शेवटपर्यंत विसरल्या नाहीत. "डिपेंडंट म्हणं! खंबाटकी एका दमात चढलेली बाई मी. हे डॉक्टर जिना चढताना कठडा धरतात, आणि डिपेंडंट कोण, तर मी."

डॉक्टर शेजारीच बसलेले असत. ते म्हणत, "खरंय तिचं. मी धरतो कठडा."

बांधा बुटका, खांदे रुंद. करड्या केसांची वेणी हेल्मेटच्या खालून आत खोचलेली, कपाळावर टिकली आणि पोटऱ्यांवर चेनचे काळे डाग, जे साबणानं जात नसत. आमच्या घरी आल्या की बेल वाजवण्याआधी दाराकडे पाठ करून उभ्या राहत आणि समोरच्या कुंपणाकडे बघत. मी काचेतून बघायची आणि दार उघडायला मुद्दाम जरा वेळ लावायची. वाऱ्याची दिशा कळल्याशिवाय त्यांना घरात येता येत नसे. मग आत येऊन, "नैर्ऋत्येचा आहे. जाताना मरण, येताना मजा," असं म्हणून स्वयंपाकघरातलं प्रेस, म्हणजे इथल्या बोलीतलं कपाट, उघडून स्वतःच बिस्किटांचा डबा काढत. मी इथल्या लायब्ररीत काम करते, म्हणून माझं नाव त्यांनी लायब्ररीच ठेवलं होतं. "काय गं लायब्ररी, माझं पुस्तक आलं का?"

त्यांचं पुस्तक म्हणजे फ्लँडर्सच्या सायकल शर्यतींचं पुस्तक. बेल्जियमचा उत्तरेकडचा, समुद्राला लागून असलेला हा मुलूख. ताईंना हे वेड कसं लागलं ते सांगण्यासारखं आहे. आयर्लंडमधला पहिला हिवाळा संपत आला होता, काम करायची परवानगी नव्हती, जुई शाळेत जायची आणि ताई दिवसभर खिडकीपाशी बसायच्या. एका रविवारी टीव्हीवर चिखलानं माखलेली माणसं दगडी फरसबंदीच्या चढावर सायकली रेटताना दिसली. रस्ता एक गाडी जाईल एवढाच, दगड उखडलेले, दोन्ही बाजूंना माणसं भिंतीसारखी उभी आणि वरून पाऊस. ताई म्हणायच्या, "मला वाटलं आमच्या मिरजेची गल्लीच दाखवालेत. म्हटलं, ही कसली शर्यत, ही तर आमची बाजारातली वाट."

त्यानंतर दर वसंतातले रविवार ठरलेले असत. मोठी शर्यत सहा-सहा तास चालते, म्हणून सकाळीच भाकरी आणि ठेचा करून ठेवायचा. शर्यत सुरू झाली की ताई टीव्हीशी बोलत. त्या सायकलस्वारांशी त्यांचं बोलणं अस्सल मिरजेचं असे. "अरे मर्दा, मागं बघ की! चाकाला चिकटलाय तुझ्या तो, फुकटात चाललाय!" एकदा मी तिथे असताना डॉक्टर रात्रपाळी करून, झोप काढून खाली आले आणि म्हणाले, "चहा टाकू का गं सगळ्यांना?"

"अहो, शेवटचे दोन चढ राहिलेत. चहा कसला सुचतोय तुम्हाला?"

"तुला नको असेल तर—"

"मी नको कुठं म्हटलं? आवाज न करता टाका."

डॉक्टरांनी खरोखर आवाज न करता टाकला. भूल देणाऱ्या माणसाचे हात ते.

मी त्यांना पुस्तकं मिळवून द्यायची, त्या वाचून मला परत सांगायच्या. सांगताना उभ्या राहत, वर्गात शिकवल्यासारख्या. पहिल्या महायुद्धाआधी एका वर्तमानपत्रानं आपला खप वाढवण्यासाठी ती मोठी शर्यत सुरू केली. तिथला फ्लेमिश माणूस तेव्हा गरीब, शेतमजूर, नाहीतर गिरणीत. त्याच्याच देशात त्याच्या भाषेला कमी लेखत, साहेबलोक फ्रेंच बोलत. मग त्यांच्यातली पोरं सायकलीवर बसली आणि वारा, पाऊस, दगड यांच्यात जगाला हरवायला लागली. ज्या रस्त्यांची इतरांना लाज वाटायची तेच रस्ते त्यांनी मानाचे केले. युद्ध संपल्यावर उद्ध्वस्त गावांतून पुन्हा शर्यत निघाली. पुढे त्या चढांवर डांबर टाकायला निघाले तर लोकांनी विरोध केला, आता ते दगड सरकारी वारसा म्हणून जपलेले आहेत. गावागावातल्या जत्रेत देवळाभोवती, म्हणजे चर्चभोवती, फेऱ्या मारायच्या शर्यती असतात, तिथूनच सगळे मोठे विजेते वर आले. हे सगळं त्या रंगून सांगत. कोण कुठे पडला, तुटलेलं चाक खांद्यावर घेऊन कोण पळाला, गारठलेल्या हातांनी कुणाला ब्रेकच दाबता आला नाही. सांगता सांगता मध्येच थांबत आणि माझ्याकडे बोट करून विचारत, "आणि बायका कुठं होत्या?"

मला उत्तर ठाऊक झालेलं होतं. त्या मोठ्या शर्यतीत बायकांना सुमारे नव्वद वर्षांनी जागा मिळाली. त्याआधीच्या काळात फ्लेमिश बायका जगज्जेत्या होऊन घरी आल्या होत्या, पण घराजवळच्या त्या दगडी चढांवर त्यांच्यासाठी शर्यत नव्हती.

"नव्वद वर्षं, लायब्ररी! गरीब पोरांनी साहेबाला दाखवून दिलं, लई भारी झालं. पण मग त्या पोरांनीच घरच्या पोरींना काय सांगितलं? कडेला उभी राहून टाळ्या वाजव."

हा राग पुस्तकी नव्हता. ताई कॉलेजात असताना जिल्ह्याच्या एका शर्यतीत पहिल्या आल्या होत्या. पुरुषांत पहिला आला त्याला नवीकोरी सायकल मिळाली. ताईंना प्रेशर कुकर. तो कुकर त्यांनी आयर्लंडला आणला होता आणि त्यातच रोज वरणभात व्हायचा. मी एकदा म्हटलं, "ताई, एवढा राग आहे तर टाकून का देत नाही?"

"चांगला आहे गं. अजून एकदाही बिघडला नाही. तेच तर डोक्यात जातं."

आमच्या पोर्टलीशपासून थोड्या अंतरावर एका गावात हा क्लब आहे. त्या गावाचं नाव सांगत नाही. रविवारी सकाळी पंधरा-वीस माणसं तलम चड्ड्या घालून निघतात, दलदलीच्या मोकळ्या रानातून डोंगराकडे जातात आणि दुपारी येऊन स्कोन खातात. ताई त्यांच्यात गेल्या तेव्हा पंचेचाळिशीच्या होत्या. शेमस त्यांना म्हणाले, ग्रँड, तू येऊ शकतेस, पण आम्ही थांबत नसतो. ताई म्हणाल्या, नका थांबू.

त्या रानात झाड नाही, भिंत नाही, वारा आडवा लागतो. फ्लँडर्समध्ये अशा वाऱ्यात सायकलस्वार तिरकी ओळ करतात, उघडलेल्या हातपंख्यासारखी. पुढच्यानं थोडा वेळ वारा अंगावर घ्यायचा, मग मागे सरकायचं, दुसऱ्यानं पुढे यायचं. एकमेकांच्या आडोशानं सगळे जातात. पण रस्त्याची रुंदी संपली की पंखाही संपतो. जो त्याच्या बाहेर राहिला तो कडेच्या गवतात एकटाच वारा खातो आणि पाच मिनिटांत मागे पडतो. शेमस आणि मंडळी हे फ्लँडर्सला जाऊन शिकून आलेली होती. पहिल्या रविवारी त्यांनी पंखा असा लावला की ताई नेमक्या बाहेर राहिल्या. दुसऱ्या रविवारीही तसाच. मी हे ताईंकडून नाही, ओर्लाकडून ऐकलं. ओर्ला ही हॉस्पिटलातली नर्स, तेव्हा पंचविशीची, क्लबातली दुसरी बाई. ती म्हणाली, तिसऱ्या रविवारी निर्मला निघाल्यापासूनच सगळ्यांच्या पुढे जाऊन बसली, वाऱ्याच्या अंगाला, आणि मागे सरकलीच नाही. दोन तास. कुणाला पुढे येऊ देईना. कुणी आलं की ही वेग वाढवायची. परत आल्यावर ताई ओकल्या. मग तोंड पुसून शेमसना म्हणाल्या, "आता मला बाहेर ठेवायचं असेल तर तुम्हाला माझ्या पुढं जावं लागेल."

त्यांच्यामुळे क्लबात बायका यायला लागल्या. हॉस्पिटलातल्या नर्सा, त्यात दोन केरळच्या, शाळेतल्या एक शिक्षिका, आणि ब्रीज. ब्रीज साठीच्या पुढची, शेमस यांच्या शेजारची. क्लबाच्या दर कार्यक्रमाला सँडविच करायचं काम वर्षानुवर्षं तिच्याकडे होतं. ताईंनी तिला जुनी सायकल दुरुस्त करून दिली. बुधवारी संध्याकाळी ताई या बायकांना घेऊन जात. मी गाडी घेऊन मागून चालायची, दिवे लावून. म्हणजे या गोष्टीत मी कायम मागच्या गाडीत आहे.

आता शर्यतीबद्दल. मार्चमध्ये हा क्लब स्वतःची शर्यत भरवतो. शेमस यांनी ती फ्लँडर्सच्या धर्तीवर बसवली आहे. काळ्या सिंहाचे पिवळे झेंडे, वॅफल, शेवटी एका जुन्या दगडी बोळातला उभा चढ. शेमस खरोखर त्या विषयातले जाणकार, हे मी नाकारत नाही. ताई आणि ते समोरासमोर बसले की जुन्या विजेत्यांवर तासभर बोलत, आणि तो तासभर दोघंही सुखात असत. पण शर्यत पुरुषांची होती. बायकांना त्याच दिवशी अर्ध्या अंतराची 'रमतगमत फेरी'. निकाल नाही, वेळ नाही, शेवटी सगळ्यांना एकेक ट्यूलिप.

ताई दर वर्षी मागणी करायच्या: पूर्ण अंतर, खरी शर्यत, खरा निकाल. दर वर्षी शेमस म्हणायचे, ग्रँड, पुढच्या वर्षी बघू. ताई मला म्हणायच्या, "इथं कुणी ग्रँड म्हणालं की समजायचं, गेलं काम."

काही वर्षांपूर्वी फ्लँडर्समध्ये एक प्रकार घडला. हंगामाच्या सुरुवातीची शर्यत, पुरुष आधी सुटलेले, थोड्या मिनिटांनी बायका. बायकांमधली एक जण एकटीच पुढे निघाली आणि इतकी वेगात गेली की पुरुषांच्या मागच्या गाड्यांपर्यंत पोचली. तेव्हा अधिकाऱ्यांनी काय केलं? तिला थांबवलं. सगळ्या बायकांना रस्त्यात उभं केलं, पुरुष लांब जाईपर्यंत. पुन्हा सोडलं तेव्हा तिची लय गेलेली होती, अंग गार पडलेलं होतं, आणि मागच्यांनी तिला गाठलं. ताई चार दिवस दुसरं काही बोलत नव्हत्या. जुई म्हणाली, "मम, दे हॅड टु. सेफ्टी." ताई म्हणाल्या, "सेफ्टीच होती तर पुरुषांना म्हणायचं की, जरा हला पुढं." शेमसनासुद्धा तेव्हा संताप आला होता, हे मी मुद्दाम नोंदवते. ते म्हणाले होते, लाजिरवाणी गोष्ट आहे.

अखेर एका वर्षी त्यांनी बायकांना शर्यत दिली. पुरुषांनंतर दहा मिनिटांनी. नऊ बायका उभ्या राहिल्या. त्या दिवशी वारा वायव्येचा, मध्येच गारा. ताईंनी ठरवलं होतं की स्वतः जिंकायचं नाही. वय झालेलं होतं आणि ओर्ला वेगवान होती. रानातला सगळा आडवा वारा ताईंनी अंगावर घेतला. ओर्ला त्यांच्या आडोशाला. डोंगराच्या पायथ्याशी ताई बाजूला झाल्या आणि ओरडल्या, "जा!" मी मागच्या गाडीत होते. काच खाली होती. ते 'जा' मराठीत होतं आणि ओर्लाला बरोबर कळलं.

ती जी गेली ती पुरुषांच्या शेपटापर्यंत पोचली. आणि वळणावर मार्शलनं, म्हणजे रस्ता सांभाळणाऱ्या स्वयंसेवकानं, लाल झेंडी दाखवली. शेमस यांचा रेडिओवर हुकूम आला होता.

आम्ही पोचलो तेव्हा ओर्ला रस्त्याच्या कडेला एक पाय टेकून उभी होती. ओठ निळे. मार्शल, भला माणूस, तिच्या खांद्यावर स्वतःचं जाकीट टाकत होता आणि म्हणत होता, माझ्या हातात काही नाही गं. मागून ताई आल्या. सायकलवरून उतरल्या नाहीत.

"किती वेळ?"

"पुरुष चढ चढून जाईपर्यंत."

"शेमसला विचार, त्यांच्यातल्या शेवटच्याला का नाही थांबवलं?"

मार्शलनं रेडिओवर विचारलं. पलीकडून शेमस यांचा आवाज आला. तो आम्ही सगळ्यांनी ऐकला. "अरे, त्यांची शर्यत चालू आहे ना."

 ताईंचा चेहरा मी आधी कधी तसा पाहिला नव्हता. बाकीच्या बायका एकेक करून आल्या आणि उभ्या राहिल्या. पुन्हा सोडलं तेव्हा ओर्लाच्या पायांत गोळे आले होते. ती पाचवी आली. पहिली कोण आली हे महत्त्वाचं राहिलंच नाही, आणि जी आली तीही रडत होती. तीन आठवड्यांनी क्लबाचं पत्रक आलं: वेळापत्रकातल्या अडचणींमुळे पुढच्या वर्षीपासून बायकांची पुन्हा रमतगमत फेरी.

त्याच एप्रिलमध्ये आम्ही दोघी फ्लँडर्सला गेलो. ताईंना एकदा ते दगड पायाखाली घ्यायचे होते. मोठ्या शर्यतीच्या दिवशी आम्ही एका चढावर, एका शेतघराच्या कुंपणाला टेकून उभ्या होतो. त्या घरातली म्हातारी खुर्ची टाकून बसली होती. तिनं आम्हाला सूप दिलं. ताईंनी तिला डब्यातली शंकरपाळी दिली. तिची नात इंग्रजी बोलायची, तिच्यामार्फत गप्पा सुरू झाल्या. म्हातारी म्हणाली, तिच्या तरुणपणी गावच्या जत्रेत पोरींची एक शर्यत व्हायची, चर्चभोवती पाच फेऱ्या. कायम पुरुषांच्या आधी.

"आधी का?" ताईंनी विचारलं.

म्हातारी हसून काहीतरी म्हणाली. नात म्हणाली, "कारण सायकली भावांच्या होत्या. पोरी उतरल्या की लगेच त्यांना द्यायच्या. ओमा म्हणते, सीट गरम असायची."

"आणि भावांनी मागून येऊन गाठलं असतं तर?"

"ते सुटायचेच नाहीत ना. सायकल कुठून आणणार?"

ताई यावर इतक्या मोठ्यानं काहीतरी मिरजेचं बोलल्या की कुंपणापलीकडची माणसं वळून बघायला लागली. ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण विमानात त्या मला म्हणाल्या, "उत्तर साधं होतं गं. आधी बायका सुटतील. आपण दहा वर्षं त्यांच्या मागं जागा मागत बसलो."

उन्हाळ्यात त्यांच्या पोटात दुखायला लागलं. सप्टेंबरात निदान झालं, स्वादुपिंडाचा कॅन्सर. डॉक्टर थोरातांनी मला दारात सांगितलं आणि आत जाऊन चहा टाकला. ताई आतून म्हणाल्या, "लायब्ररी, रडायचं असेल तर बाहेर रड, आणि मग आत ये. ऑक्टोबरात कमिटीची बैठक आहे."

बैठक गावातल्या चर्चच्या हॉलमध्ये झाली. ताई डॉक्टरांचा जाड कोट घालून बसल्या होत्या, आत अंग उरलेलं नव्हतं. सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून सगळे फार हळू बोलत होते. त्याचाही त्यांना राग येत होता. त्या म्हणाल्या, पुढच्या मार्चमध्ये आधी बायका सुटतील, पूर्ण अंतर, तासभर आधी.

शेमस म्हणाले, "निर्मला, पुरुष मागून येऊन गाठतील गं. मग काय करायचं?"

"मग त्यांना थांबवा."

हॉलमध्ये हशा पिकला.

"का हसताय? आम्हाला थांबवलंत तेव्हा कुणी हसलं नाही."

हशा थांबला. शेमस म्हणाले, या विषयावर सावकाश विचार करायला हवा, तुझी तब्येत, आम्हा सगळ्यांना तुझी किती— तेवढ्यात चहाच्या टेबलामागून ब्रीज बोलली. ती बैठकीत कधी बोलत नसे.

"मीही नाव देणार आहे. म्हणजे यंदा सँडविच तुमचे तुम्ही बघा, शेमस."

ठराव झाला. मी असं म्हणणार नाही की तो न्यायासाठी झाला. काही अंशी सँडविच करणारीला कायमचं दुखवायला नको म्हणून झाला आणि काही मरणाऱ्या बाईला नाही म्हणता येत नाही म्हणून. ताईंना हे कळत होतं. "कशासाठी का होईना," त्या गाडीत बसताना म्हणाल्या. "कुकरच दिलाय त्यांनी. पण यात आता मला पाहिजे तेच शिजवणार."

मार्चमध्ये ताई उभ्या राहू शकत होत्या, एवढंच. बायका सुटल्या तेव्हा त्या माझ्या गाडीत होत्या. बावीस बायका. मागच्या वेळी नऊ होत्या. ब्रीज पहिल्या मैलातच मागे पडली आणि तशीच चालत राहिली. तिची लेक दुसरी गाडी घेऊन तिच्यामागे होती. आम्ही पुढच्यांबरोबर गेलो.  रान आलं तेव्हा ताईंनी काच खाली करायला सांगितली.

आम्ही दुसऱ्या रस्त्यानं आधीच शेवटच्या रेषेपाशी पोचलो, तर तिथे कुणी नव्हतं. हवेनं फुगवलेली पिवळी कमान उभी होती. निकाल लिहिणारा माणूस हॉलमध्ये सँडविच करत होता, कारण त्यांच्या हिशेबानं बायका एवढ्यात यायच्या नव्हत्या. ताई दार उघडून उतरल्या. मी हात धरायला गेले तर हात झटकला. कमानीला हवा देणाऱ्या घरघरत्या यंत्राशेजारी एक प्लॅस्टिकची खुर्ची होती, तिच्यावर जाऊन बसल्या.

ओर्ला आली. एकटी. त्या मोकळ्या रस्त्यावर, दोन माणसांसमोर, ती दगडी चढ चढून कमानीखालून गेली आणि सायकलीच्या हँडलवर डोकं टेकून तशीच थांबली. ताईंनी घड्याळ बघून वेळ मोठ्यानं सांगितली. निकालवाला हातात सुरी घेऊन धावत आला. "लिही," ताई म्हणाल्या. तो लिहायला लागला. मग दुसरी, मग तिसरी. ताई नावं सांगत गेल्या, वेळा सांगत गेल्या.

मग पुरुष आले. गर्दी, भोंगे, शेमस यांचा माईकवरचा आवाज, झेंडे. वाटेत त्यांना काही बायका लागल्या होत्या, ते त्यांच्या बाजूनं निघून आले होते, कुणी मेलं नव्हतं. बक्षिसं झाली. ओर्लाला पुरुषांच्या विजेत्याएवढाच मोठा चषक मिळाला, हेही नोंदवते. मग गारा सुरू झाल्या आणि लोक हॉलकडे पळाले. दोन तरुण कमान उतरवायला आले. एकानं यंत्राच्या बटणाकडे हात नेला. तिथे ताईंचा बूट होता.

"मॅम, एवढं बंद करायचंय."

"नाही."

शेमस आले. डोक्यावर फोल्डर धरलेला. खरंच काळजीनं म्हणाले, "निर्मला, गारठशील गं. संपलं सगळं. सगळे आले."

"सगळे नाही आले. एक बाई यायची आहे."

"ब्रीज? अगं, ती ग्रँड आहे. तिला सरळ हॉलमध्येच बोलावू, गरम सूप—"

"कमानीतून," ताई म्हणाल्या. "मग सूप."

ते उभे राहिले. मग तेही गेले, सूप बघायला. तरुण दोघं कोटाच्या आत मान घालून थांबले. डॉक्टर हॉलमधून छत्री घेऊन आले आणि ती ताईंवर धरून उभे राहिले. गारा छत्रीवर वाजत होत्या, यंत्र घरघरत होतं.

ब्रीज आली. चढावर तिला दोनदा उतरावं लागलं होतं, पण शेवटच्या वळणावर ती पुन्हा सायकलीवर बसली आणि आमच्या पाचजणांसमोरून कमानीखालून गेली. ताईंनी वेळ सांगितली. लिहायला कुणी नव्हतं म्हणून माझ्या तळहातावर लिहायला लावली आणि ती बरोबर लिहिली की नाही हे हात धरून वाचून पाहिलं. मग बटणावरून पाय काढला आणि एका तरुणानं यंत्र बंद केलं. ती दोन मजली कमान आधी मधून वाकली, मग दोन्ही बाजूंनी हळूहळू खाली बसत गेली.

ताई तिच्याकडे वळूनही न बघता डॉक्टरांच्या दंडाला धरून चालायला लागल्या होत्या. मधेच थांबून तरुणांना म्हणाल्या, "हां. आता न्या."